सकाळी १६८, दुपारी ११८
साठीनंतर : लेखांक ७

सकाळी चहाच्या आधी १६८. दुपारी झोपून उठल्यावर ११८. रात्री मुंबईहून मुलाचा फोन येऊन गेल्यावर पुन्हा १५४. नागोठण्यातल्या कुठल्याही घरात बीपीचं मशीन आलं की अशी एक वही आपोआप सुरू होते, आणि वहीबरोबर वादही. सुनेला वाटतं मशीन बिघडलंय. मुलाला वाटतं डॉक्टर बदलावा. आणि ज्यांच्या दंडाला पट्टा बांधलेला असतो ते नाना परस्पर ठरवून टाकतात, आज कमी आलंय तर गोळी नको.

नानांचा हा निर्णय सगळ्यात महागात पडतो.

रक्तदाब दिवसभर एकाच आकड्यावर कधीच नसतो. झोपेत उतरतो, पहाटे चढतो, जिना चढताना, भांडताना, लघवी दाबून बसल्यावर वाढतो. तरुणपणी हे चढउतार शरीर पटकन सावरतं. मानेतल्या धमन्यांमध्ये दाबाची खबर मेंदूला देणारी यंत्रणा असते, ती हृदयाला लगेच हात आवरायला लावते. सत्तरीत धमन्या कडक होतात आणि ही यंत्रणा सुस्तावते. म्हणून वरचा आकडा उसळतो, खालचा उतरत जातो, आणि दोन्हींतलं अंतर वाढतं. ही वही बघून घाबरण्याआधी एवढं लक्षात घ्यायला हवं.

त्यातही निम्मा गोंधळ मोजण्यातला असतो. वाकणहून मिनिडोरमध्ये दाटीवाटीने आलेले आजोबा दवाखान्याच्या पायऱ्या चढून थेट स्टुलावर बसतात, सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला जातो, हात लोंबकळतो, पायावर पाय, आणि तोंडाने गुडघ्याची तक्रार चालूच. यातली एकेक गोष्ट आकडा चढवते. पाच मिनिटं पाठ टेकून स्वस्थ बसायचं, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवायचा, गप्प राहायचं आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं. असं आठवडाभर सकाळ-संध्याकाळ केलं की जी सरासरी निघते, तीच कामाची. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ च्या वर असेल तर रक्तदाब वाढलेला धरतात. एका दिवसाच्या एका आकड्यावर डॉक्टरही औषध बदलत नाहीत. मग घरच्यांनी का बदलावं?

आता गोळीकडे येऊ. सर्वाधिक लिहून दिली जाणारी अॅम्लोडिपिन शरीरातून निम्मी कमी व्हायलाच तीस ते पन्नास तास लागतात. ती रोज घेतली की आठवडाभरात रक्तातली तिची पातळी स्थिरावते. हौदात रोज एक घागर ओतावी आणि रोज एक घागर उपसली जावी, तसा हा हिशेब. त्यामुळे आजचा आकडा ११८ आला म्हणून आजची गोळी टाळली, तर परिणाम आज दिसतच नाही. दोन-तीन दिवस गोळी राहिली की तो दिसतो, आकडा १७० ला जातो, मग घाबरून कुणीतरी दीड गोळी देतं. रक्तदाब ‘वर-खाली’ होतो त्यातला बराचसा असा घरीच तयार झालेला असतो. मेटोप्रोलोल, अॅटेनोलोल किंवा क्लोनिडिन यांच्या बाबतीत तर अचानक खंड धोक्याचाच. दाब उलटून जोरात चढू शकतो. गोळी सकाळी घ्यावी की रात्री, यावर मात्र वाद घालायची गरज उरलेली नाही. ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टाइम’ अभ्यासात दोन्हींत फरक आढळला नाही. वेळ ठरलेली असावी, इतकंच.

औषधांची ही चैन फार जुनी नाही. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा दाब ३००/१९० मोजला गेला होता. डॉक्टरांच्या हाती कमी मीठ, विश्रांती आणि झोपेच्या औषधांपलीकडे फारसं काही नव्हतं. त्यानंतर चारच वर्षांनी, १९४९ साली, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरचा परिणाम ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला. आपल्याकडच्या वैद्यांची ही मुळी त्या लेखाने जगभर पोचली. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे उदासीनतेसारख्या दुष्परिणामांच्या धास्तीने आणि नव्या गोळ्या आल्याने ते मागे पडलं.

आकडा हलवणाऱ्या इतर गोष्टी मात्र अगदी स्थानिक आहेत. जेवणात सुक्या जवळ्याची चटणी, पेणचा पापड आणि कैरीचं लोणचं एकत्र आलं, तर दिवसाचं पाच ग्रॅम मीठ, म्हणजे जेमतेम एक चमचा, कधी ओलांडलं ते कळतही नाही. मे महिन्यात उलटं होतं. घामाच्या धारा, कमी पाणी, वर लघवी वाढवणारी क्लोरथॅलिडोनसारखी गोळी; मग आकडा घसरतो आणि म्हातारं माणूस मोरीत जाताना गरगरून पडतं. म्हणून बसून मोजल्यावर उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजायला हवं. वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला, तर ते डॉक्टरांच्या कानावर घालायचंच. पावसाळ्यात गुडघे धरले की दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक हा तर छुपा शत्रू. ती दाब वाढवते, टेल्मिसार्टनचा परिणाम बोथट करते आणि दोघींच्या जोडीला लघवीची गोळी असेल तर मूत्रपिंडावर येतं. औषधांची पिशवी उघडून सगळ्या गोळ्या डॉक्टरांपुढे ठेवल्याशिवाय हे लक्षात येत नाही.

‘वय झालं, आता कशाला गोळ्या’ हे वाक्य २००८ मध्येच निकालात निघालं. ऐंशीच्या पुढच्या ३,८४५ रुग्णांवरच्या ‘हायव्हेट’ चाचणीत औषध घेणाऱ्यांमधले मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले. तिथे लक्ष्य होतं १५०/८०. थकलेल्या, पडण्याची भीती असलेल्या माणसाचा आकडा फार खाली ओढायचा की नाही, हे डॉक्टर माणूस बघून ठरवतात.

शासनानेही साधेपणावर भर दिला आहे. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले पहिले जिल्हे होते सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा. ठरलेल्या क्रमाने मोजकीच औषधं, एका वेळी महिन्याच्या गोळ्या आणि न आलेल्याचा पाठपुरावा, एवढंच त्याचं सूत्र.

एक जुनी सवय मात्र मोडायलाच हवी. आकडा २०० दिसला की निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली धरायची. दाब इतका झपकन उतरतो की मेंदूला किंवा हृदयाला रक्त कमी पडून झटका येऊ शकतो. १९९६ मध्येच अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात ही पद्धत थांबवण्याची मागणी झाली होती. १८०/१२० च्या वर आकडा आला पण त्रास काहीच नाही, तर स्वस्थ बसवून थोड्या वेळाने पुन्हा मोजायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं. तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, हात पडला, छातीत दुखलं किंवा दम लागला तर मात्र आकडा कितीही असो, मशीन बाजूला ठेवून १०८ ला फोन. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सिटी स्कॅन व्हायला हवा. महामार्गावरची कोंडी त्यातला किती वेळ खाईल, याचा अंदाज नागोठणेकरांना वेगळा सांगायला नको. निघताना गोळ्यांची पिशवी, ती वही आणि ‘शेवटचं नीट कधी बोलले’ ती वेळ, एवढं सोबत घ्यायचं.