ऑनलाइन विद्यार्थी आणि संशोधनाचा अनुभव

दिवसा कारखान्यात पाळी करून, घरचे आटोपून, रात्री मोबाईलवर व्याख्याने ऐकत पदवी घेणारी मुले-मुली आज आपल्या वस्त्यांत आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे. पण पीएच.डी.च्या किंवा परदेशी विद्यापीठाच्या दाराशी प्रश्न येतोच : संशोधन काय केले? तुमचे काम कोणी पाहिले आहे? महाविद्यालयातल्या मुलाला हा अनुभव प्राध्यापकांच्या सहवासात मिळतो. आपल्या विद्यार्थ्याला तो मिळवावा लागतो. कसा, एवढेच मला सांगायचे आहे.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळा गाठावीच लागेल. त्याने सुट्टीचे काही आठवडे त्यासाठी राखावेत. सामाजिक शास्त्रांचे तसे नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती घेऊन ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ १९८९ साली सिद्ध केला. माणसांची स्मृती हेच त्यांचे मोठे साधन होते.

माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो, प्रश्न लहान घ्या. ‘दलितांचे शिक्षण’ हा विषय पेलणार नाही. ‘आमच्या वस्तीतील मुलींनी दहावीनंतर शिक्षण का सोडले?’ हा पेलेल. ‘शोधगंगा’वर त्या विषयाचे दोन-तीन प्रबंध मोफत वाचा. मग वीस घरे निवडा; ती कशी निवडली ते लिहा. संमती घ्या, नावे बदला, नोंद त्याच दिवशी करा. आपले निष्कर्ष त्या प्रबंधांशी कुठे जुळत नाहीत, ते दाखवा.

दहा पाने झाली की जवळच्या प्राध्यापकांना पाठवा. ‘मार्गदर्शन करा’ असे मोघम लिहू नका. नेमकी अडचण विचारा. त्यांच्या सर्वेक्षणात हातभार लावा. पुढचे शिफारसपत्र या ओळखीतूनच येते. मात्र श्रेय आणि मोबदला आधी लेखी ठरवा. फुकट राबण्याची जी चाल आपण मोडली, ती संशोधनाच्या नावाने परत येता कामा नये.

आणखी एक. बाबासाहेबांनी जातिसंस्थेवरील आपला निबंध ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचला. लिहिलेले चारचौघांत वाचावे, तेव्हाच त्याचे कच्चे दुवे दिसतात. ऑनलाइन विद्यार्थ्याला नेमके हे चर्चासत्र मिळत नाही. ते आपण देऊ शकतो. महिन्यातून एकदा विहारात किंवा वाचनालयात चार विद्यार्थी बसवा, त्यांची पाने ऐका, शंका विचारा. बाहेरचे लोक प्रश्नावल्या घेऊन आपल्या वस्तीत आले आणि उत्तरे घेऊन गेले. आता प्रश्न आपल्या मुलामुलींनी विचारावेत.