वारसा इमारतींच्या दुरुस्तीसाठी नागरी अर्थसाहाय्य (महाराष्ट्र)

वारसा इमारतींच्या दुरुस्तीसाठी नागरी अर्थसाहाय्य म्हणजे शहराच्या जुन्या व मध्यवर्ती भागातील ऐतिहासिक किंवा वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या इमारतींची दुरुस्ती, देखभाल आणि दर्शनी भागाची सुधारणा यांसाठी महानगरपालिका, नगरपरिषद अथवा अन्य नागरी प्राधिकरणाने मालकांस वा भोगवटादारांस दिलेली मदत होय. ही मदत रोख अनुदान, अल्प व्याजाचे कर्ज, करातील सवलत, वापरबदलाची परवानगी किंवा हस्तांतरणीय विकास हक्क अशा विविध रूपांत असते. महाराष्ट्रात अशा साहाय्याची पहिली सर्वंकष चौकट मुंबईत इ.स. १९९५ मध्ये तयार झाली. तिच्यात दुरुस्ती निधीची तरतूद असली, तरी प्रत्यक्षात मुख्य भर रोख अनुदानापेक्षा विकास हक्कांवर आणि परवानग्यांवर राहिला आहे.

== संकल्पना ==

एखादी इमारत वारसा यादीत आली की तिच्या मालकावर बंधने येतात. ती पाडता येत नाही, मजले वाढवता येत नाहीत, खिडक्या-सज्जांचे स्वरूप परवानगीशिवाय बदलता येत नाही. या बंधनांचा लाभ सर्व शहराला मिळतो, खर्च मात्र एकट्या मालकावर पडतो. सागवानी तुळई, घडीव दगड, ओतीव लोखंडी कठडे, चुन्याचा गिलावा यांची दुरुस्ती करणारे कारागीर थोडे आणि त्यांचे काम सिमेंटच्या कामापेक्षा महाग असते. हा जादा खर्च समाजाने वाटून घ्यावा, हे अर्थसाहाय्यामागील मूळ तत्त्व आहे.

जगातील अनेक देशांनी या तत्त्वावर योजना आखल्या. फ्रान्समध्ये इ.स. १९६२ च्या माल्रो कायद्याने जुन्या वस्त्यांची संरक्षित क्षेत्रे ठरवण्यास आरंभ झाला. अमेरिकेत ऐतिहासिक व्यापारी इमारतीच्या नूतनीकरणावर झालेल्या मान्य खर्चाच्या २० टक्के इतकी सूट केंद्रीय प्राप्तिकरात मिळते. तेथील अनेक नगरपालिका बाजारपेठेतील दुकानांच्या दर्शनी भागासाठी छोटी अनुदाने देतात. त्यांत साधारणतः निम्मा खर्च मालकाने करावयाचा असतो, कामापूर्वी आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो आणि रक्कम काम पूर्ण झाल्यावर मिळते.

== कायदेशीर पार्श्वभूमी ==

भारतात इ.स. १९०४ च्या प्राचीन स्मारक जतन कायद्यापासून स्मारकांना संरक्षण मिळू लागले. स्वातंत्र्यानंतर केंद्राचा इ.स. १९५८ चा आणि महाराष्ट्र राज्याचा इ.स. १९६० चा अधिनियम आला. हे कायदे प्रामुख्याने किल्ले, लेणी, मंदिरे अशा स्मारकांसाठी आहेत. ज्यांत माणसे राहतात, दुकाने चालतात, कचेऱ्या भरतात अशा इमारती बहुतांशी त्यांच्या कक्षेबाहेर राहिल्या. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २२ ने मात्र विकास आराखड्यात ऐतिहासिक व वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या वास्तूंच्या जतनाची तरतूद करण्याची मुभा नियोजन प्राधिकरणांना दिली. नागरी वारसा नियमांचा उगम येथे आहे.

दुसरी महत्त्वाची पार्श्वभूमी भाडेनियंत्रणाची आहे. मुंबई भाडेनियंत्रण अधिनियम, १९४७ नुसार जुन्या इमारतींचे प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठले. भाडेकरूंना यामुळे मोठे संरक्षण मिळाले, पण भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघेना आणि मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ ने वर्षाला ४ टक्के वाढीस अनुमती दिली. तथापि ही वाढ मुळातल्या अत्यल्प भाड्यावर असल्याने जुन्या इमारतींच्या अर्थकारणात तिने फारसा फरक पडला नाही.

== मुंबईची वारसा नियमावली ==

बृहन्मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ६७ अन्वये इ.स. १९९५ मध्ये वारसा नियम लागू झाले. असे नियम करणारे मुंबई हे भारतातील पहिले शहर होय. सहाशेहून अधिक वास्तू व परिसर यादीत समाविष्ट झाले आणि महापालिका आयुक्तांना सल्ला देण्यासाठी मुंबई वारसा जतन समिती स्थापन झाली. यादीतील वास्तूंच्या तीन श्रेणी आहेत.

* श्रेणी १ – राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू. बळकटीकरणासाठी आवश्यक तेवढाच हस्तक्षेप मान्य.
* श्रेणी २ – प्रादेशिक वा स्थानिक महत्त्वाच्या वास्तू. २-अ व २-ब असे दोन उपवर्ग. अंतर्गत बदलांस मर्यादित वाव.
* श्रेणी ३ – शहराच्या दृश्यरूपास महत्त्व देणाऱ्या वास्तू. मूळ स्वरूपाशी सुसंगत अंतर्गत व बाह्य बदलांस वाव.

नियमित दुरुस्ती व देखभाल हे मालकाचे कर्तव्य असल्याचे नियमावली सांगते. त्यासाठी तीन प्रकारचे साहाय्य तिच्यात योजले आहे.

=== दुरुस्ती निधी ===

वारसा इमारतींच्या दुरुस्तीस आर्थिक मदत देण्यासाठी स्वतंत्र निधी उभारता येतो. हा निधी महापालिका आयुक्तांच्या स्वाधीन असावा, वारसा समितीच्या विचारविनिमयाने त्याचे वाटप व्हावे आणि त्यासाठीची तरतूद जिल्हा नियोजनाच्या अंदाजपत्रकातून करता यावी, असे नियमाचे स्वरूप आहे. ही तरतूद ऐच्छिक आहे, बंधनकारक नाही. निधी 'उभारता येईल' असे नियम म्हणतो, 'उभारलाच पाहिजे' असे म्हणत नाही. त्यामुळे मालकाला अनुदान हक्क म्हणून मागता येत नाही.

=== हस्तांतरणीय विकास हक्क ===

वारसा निर्बंधामुळे ज्या मालकाला भूखंडावरील अनुज्ञेय बांधकाम पूर्ण करता येत नाही, त्याला न वापरलेल्या क्षेत्राचे विकास हक्क प्रमाणपत्र मिळू शकते. ते अन्यत्र वापरता किंवा विकता येते. उदाहरणार्थ, १,००० चौरस मीटरच्या भूखंडावर १.३३ चटई क्षेत्र निर्देशांकाने १,३३० चौरस मीटर बांधकाम अनुज्ञेय असेल आणि जुनी इमारत ९०० चौरस मीटरची असेल, तर ४३० चौरस मीटर हक्क शिल्लक राहतात. या पद्धतीत पालिकेच्या तिजोरीतून रोख रक्कम जात नाही. मात्र जी इमारत मुळातच दाट बांधलेली आहे, म्हणजे जिने अनुज्ञेय क्षेत्राहून अधिक जागा आधीच व्यापलेली आहे, तिच्या वाट्याला काहीच उरत नाही. फोर्टसारख्या दाट वस्तीत ही अडचण विशेषत्वाने जाणवते.

=== वापरबदल ===

मालकाने इमारत मूळ स्वरूपात, योग्य दुरुस्तीसह राखण्याची लेखी हमी दिल्यास निवासी इमारतीचा काही भाग किंवा संपूर्ण इमारत कचेरी, उपाहारगृह यांसारख्या वापरासाठी देण्याची अनुमती मिळू शकते. वाढीव उत्पन्नातून दुरुस्तीचा खर्च निघावा, ही त्यामागील कल्पना आहे.

== दुरुस्ती उपकर ==

मुंबई बेटशहरात सार्वजनिक खर्चाने खाजगी इमारती दुरुस्त करण्याची व्यवस्था वारसा नियमांच्याही आधीची आहे. इ.स. १९६९ च्या कायद्याने मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ अस्तित्वात आले आणि पुढे ते महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाचा (म्हाडा) भाग बनले. महापालिका मालमत्ता कराबरोबर दुरुस्ती उपकर वसूल करते. उपकरप्राप्त इमारतींचे तीन वर्ग आहेत: १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या 'अ' वर्गातील, १ सप्टेंबर १९४० ते ३१ डिसेंबर १९५० या काळातील 'ब' वर्गातील आणि १ जानेवारी १९५१ ते ३० सप्टेंबर १९६९ या काळातील 'क' वर्गातील.

मंडळाच्या दुरुस्तीचा हेतू रहिवाशांची सुरक्षितता हा आहे. प्रति चौरस मीटर खर्चाची मर्यादा शासन ठरवते आणि त्यापलीकडचा भार रहिवाशांनी वा मालकाने उचलावयाचा असतो. या मर्यादेत लोखंडी तुळयांचे टेकू आणि काँक्रीटची भर परवडते, कोरीव लाकूडकाम पुन्हा घडवणे परवडत नाही. त्यामुळे इमारत उभी राहते, पण तिचे रूप हरपते, अशी टीका वास्तुविशारद करतात. शिवाय उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासाला जादा चटई क्षेत्र मिळत असल्याने अनेकदा जतनापेक्षा इमारत पाडणे मालक व रहिवासी दोघांनाही अधिक लाभदायक ठरते.

== दादाभाई नौरोजी मार्ग ==

मुंबईच्या जुन्या व्यापारी केंद्रात रस्त्याच्या दर्शनी रूपाची सुधारणा सार्वजनिक साहाय्याने झाल्याचे ठळक उदाहरण म्हणजे दादाभाई नौरोजी मार्ग होय. पूर्वीचा हॉर्नबी रोड म्हणजे हाच मार्ग. इ.स. १८६० च्या दशकात किल्ल्याचा तट पाडल्यावर तो रुंद झाला. इ.स. १८९६ च्या शासकीय नियमाने येथील इमारतींना तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा सलग पदपथ ठेवणे आवश्यक झाले. निरनिराळ्या शैलींच्या इमारती एका सूत्रात बांधल्या गेल्या त्या या कमानींमुळे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस मोठमोठे नामफलक, वातानुकूलन यंत्रे आणि तारांची जाळी यांनी हे दर्शनी भाग झाकून गेले होते. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने स्थापन केलेल्या वारसा जतन संस्थेच्या साहाय्याने वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी या मार्गासाठी मार्गदर्शक पुस्तिका तयार केली. फलक कमानीच्या आत बसावा, त्याने कोरीव काम झाकू नये, रस्त्यावरील दिवे व बाके एकरूप असावीत, असे व्यवहार्य नियम तिच्यात होते. महापालिकेने नियमांचा आधार दिला, तर दुकानदार व रहिवाशांनी 'हेरिटेज माइल असोसिएशन' या नावाने संघटित होऊन अंमलबजावणीत भाग घेतला. युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत इ.स. २००४ मध्ये या प्रकल्पाची दखल घेतली गेली.

== एस्प्लनेड मॅन्शन ==

काळा घोडा परिसरातील एस्प्लनेड मॅन्शन हे साहाय्याच्या चौकटीतील उणिवांचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. इ.स. १८६० च्या दशकात उभारलेल्या या इमारतीचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार होऊन मुंबईत जोडण्यात आला. वॉटसन हॉटेल म्हणून ती प्रसिद्ध होती. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ येथेच झाला. पुढे तिचे लहान लहान गाळे होऊन भाडेकरू आले. इमारत खाजगी मालकीची, उपकरप्राप्त आणि श्रेणी २-अ मधील, अशी तिहेरी स्थिती झाली. इ.स. २००५ मध्ये सज्जाचा भाग कोसळून एक मृत्यू झाला. इ.स. २००६ च्या जागतिक धोकाग्रस्त स्मारकांच्या यादीत तिचे नाव आले आणि इ.स. २०१९ मध्ये ती धोकादायक ठरवून रिकामी करण्यात आली. पाडावी की वाचवावी हा वाद न्यायालयात गेला. नियमांचे संरक्षण असूनही दुरुस्तीचा खर्च कोणी करावा याचा निर्णय न झाल्यास काय घडते, हे या इमारतीच्या इतिहासातून दिसते.

== पालिकांच्या स्वतःच्या वास्तू ==

वास्तू पालिकेच्या मालकीची असल्यास खर्चाची तरतूद तुलनेने सुकर होते. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय (स्थापना इ.स. १८७२) याचे उदाहरण होय. बृहन्मुंबई महानगरपालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान आणि इंटॅक यांच्यात इ.स. २००३ मध्ये करार होऊन त्याचे जतन झाले. इ.स. २००५ मध्ये त्याला युनेस्कोचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला व इ.स. २००८ मध्ये ते पुन्हा खुले झाले. पुण्यात विश्रामबागवाडा आणि नानावाडा या पेशवेकालीन वास्तू महापालिकेच्या ताब्यात असल्याने टिकल्या. त्याच पेठांतील खाजगी वाडे मात्र मोठ्या संख्येने पाडले जाऊन तेथे सदनिका उभ्या राहिल्या.

== लहान शहरे: महाड व पोलादपूर ==

इ.स. २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीमुळे, बृहन्मुंबई आणि अन्य काही क्षेत्रे वगळता, राज्यातील नगरपरिषदांनाही वारसा जतनाच्या तरतुदी उपलब्ध झाल्या. परंतु विकास हक्कांना बाजारभाव असेल तरच त्यांचा उपयोग होतो. ज्या गावात जागेची टंचाई मुंबईइतकी नाही, तेथे असे प्रमाणपत्र घेणारा ग्राहक मिळणे कठीण असते. केंद्र शासनाच्या इ.स. २०१५ च्या 'हृदय' योजनेत देशातील १२ शहरे होती. त्यांत महाराष्ट्रातील एकही नव्हते.

रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात वारशाच्या मालकीचे सर्व प्रकार एकत्र पाहावयास मिळतात. रायगड किल्ला व गांधारपाले लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. समर्थ रामदासांच्या वास्तव्यामुळे प्रसिद्ध असलेली शिवथरघळ इ.स. १९३० मध्ये धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी प्रकाशात आणली. तेथील व्यवस्था भाविकांच्या देणग्यांवर चालते आणि ग्रामीण भागात असल्याने ती नागरी साहाय्याच्या कक्षेत येत नाही. पोलादपूर येथे शिवकालीन कवी परमानंद यांची समाधी आहे.

चवदार तळे मात्र महाड नगरपालिकेचे. इ.स. १९२४ मध्ये नगरपालिकेने ते सर्वांस खुले असल्याचा ठराव केला, पण त्याची अंमलबजावणी झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तेथे सत्याग्रह झाला. तळे खाजगी असल्याचा दावा पुढे न्यायालयात गेला आणि इ.स. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला. वास्तू सार्वजनिक आहे की खाजगी, या प्रश्नाचे महत्त्व केवळ खर्चापुरते नसते, हे या खटल्याने दाखवून दिले.

बाजारपेठेतील जांभ्या दगडाची, कौलारू, सागवानी माळ्यांची खाजगी घरे या सर्वांत उपेक्षित राहतात. जुलै २०२१ मध्ये सावित्री व गांधारी नद्यांच्या महापुराने शहराची बाजारपेठ पाण्याखाली गेली. आपत्तीनंतरची मदत नुकसानीच्या प्रमाणानुसार दिली जाते; वास्तूच्या ऐतिहासिक मूल्याचा तिच्यात विचार नसतो. त्यामुळे जुन्या पद्धतीने दुरुस्ती करणारा आणि घर पाडून काँक्रीटचे बांधणारा या दोघांना मिळणाऱ्या मदतीत या कारणाने काही फरक पडत नाही.

== मूल्यमापन ==

महाराष्ट्रातील व्यवस्थेने वारसा इमारत पाडण्यावर बंधन घातले, परंतु ती राखण्याचा खर्च वाटून घेण्याची बाजू दुबळी राहिली, असे अनुभवातून दिसते. विकास हक्कांवर आधारलेले साहाय्य महागड्या जागेच्या शहरांत उपयुक्त ठरते, लहान नगरांत नाही. लहान नगरांसाठी छोट्या रकमेची, मालकाच्या वाट्यासह दिलेली, कामानंतर तपासणी करून अदा होणारी अनुदाने अधिक सोयीची ठरू शकतात. त्यांसाठी प्रथम नगरपरिषदेकडे वास्तूंची यादी असावी लागते. कोणती घरे जुनी आहेत, ती कशाची बांधलेली आहेत आणि आज कोणत्या स्थितीत आहेत, याची नोंद झाल्याशिवाय अनुदान कोणास द्यावे हे ठरत नाही.