मेंदू प्रवाळ: ओळखा, पण घरी आणू नका

बेंगळुरूला समुद्र नाही, तरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे हौशी इथेही आहेत. त्यांना मोह पडतो मेंदू प्रवाळाचा. ओळख सोपी: दगडासारखा कठीण गोळा, त्यावर मेंदूसारख्या नागमोडी वळ्या. दिसतो दगड, पण आहे प्राणी. त्याला साधारण २५ अंश तापमान आणि स्थिर खारटपणा लागतो. रात्री तो डंख मारणाऱ्या स्पर्शिका पसरतो, म्हणून शेजाऱ्यापासून वीतभर अंतर हवं.

पण आधी कायदा पाहा. २००१ पासून सर्व कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत आहेत. आपल्या समुद्रातून काढलेला, अगदी वाळलेला तुकडा बाळगणंही गुन्हा. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद. दुकानदाराचं ‘चालतं हो’ कोर्टात चालत नाही. प्रवाळ मालवणच्या समुद्रात जाऊन पाहा, हात न लावता.