घरच्या सर्व्हरचा दिंडी दरवाजा

गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या बऱ्याच घरांत टीव्हीखाली किंवा स्टोअररूममध्ये एक छोटा काळा डबा येऊन बसला आहे. कुणी त्याला नास म्हणतं, कुणी मिनी पीसी, कुणाकडे नुसता रास्पबेरी पाय. मुलांचे फोटो, जुन्या कॅसेटवरून उतरवलेला आजोबांचा आवाज, गणपतीचे व्हिडिओ, घराचे आणि बँकेचे कागद, असा सगळा संसार त्यात. सिंगापूरचं देशव्यापी फायबरचं जाळं २०१० साली ग्राहकांसाठी खुलं झालं आणि आज एचडीबीच्या साध्या फ्लॅटमध्येही १ गिगाबिटची लाइन ही मोठेपणाची गोष्ट राहिलेली नाही. तेव्हा पुढचा प्रश्न ओघानंच येतो: नाशिकच्या आजीला नातवंडांचे फोटो या डब्यातून थेट कसे दाखवायचे? आणि ते दाखवताना बँकेचे कागद चोरांना कसे नाही दाखवायचे?

इथे रिव्हर्स प्रॉक्सी नावाचं प्रकरण येतं. नाव अवघड आहे, कल्पना मात्र पुण्यातल्या जुन्या वाड्याइतकी ओळखीची. वाड्यात दहा बिऱ्हाडं, पण रस्त्याकडे उघडणारा दिंडी दरवाजा एकच. आलेल्या माणसानं नाव सांगायचं, आतला माणूस म्हणणार, "जोश्यांकडे? डावीकडे, दुसरा जिना." सर्व्हरवरही अशीच बिऱ्हाडं असतात. फोटोंचं इमिच २२८३ क्रमांकाच्या पोर्टवर, सिनेमे-गाण्यांचं जेलीफिन ८०९६ वर, कागदपत्रांचं आणखी कुठेतरी. प्रत्येकासाठी राउटरमध्ये वेगळं भोक पाडण्याऐवजी बाहेरून येणाऱ्या सगळ्यांना ४४३ या एकाच दारावर घ्यायचं, त्यांनी मागितलेलं नाव पाहायचं आणि आत योग्य ठिकाणी पोचवायचं. एचटीटीपीएसचं कुलूपही त्या एका दारालाच.

आता दरवान कोणता नेमायचा? आमची पिढी मास्टर्सच्या काळात युनिक्सच्या काळ्या पडद्यावर अपाचीच्या फाइली हातानं लिहून मोठी झालेली. त्यामुळे आम्हाला एनजिनक्सची फाइल लिहायला काही वाटत नाही. इगोर सिसोएव यांचा एनजिनक्स २००४ पासून लोकांच्या हातात आहे आणि तो दणकट आहे यात शंका नाही. पण प्रश्न आम्हाला काय येतं हा नाहीच. आम्ही कामानिमित्त जाकार्तात असताना फोटो बंद पडले, तर घरी बायकोला किंवा चौदा वर्षांच्या मुलीला ते सुरू करता आले पाहिजेत. अर्धविराम राहिला म्हणून पूर्ण दुकान बंद, हा प्रकार घरात चालत नाही. म्हणून आमची पहिली अट होती की कारभार ब्राउझरमधल्या पानावरून झाला पाहिजे.

या अटीत कॅडी बाद झाला, आणि ते आम्हाला जिवावर आलं. २०१५ साली आलेला हा गो भाषेतला प्रॉक्सी प्रमाणपत्र आपणहून आणतो, आपणहून नवं करतो, आणि एका सेवेसाठी त्याच्या फाइलीत तीन ओळी पुरतात. पण त्याच्याबरोबर कारभाराचं पान येत नाही. एकट्या इंजिनिअरच्या घरी आम्ही डोळे मिटून कॅडीच सांगू. ट्रेफिकचं पान देखणं आहे, पण ते फक्त बघायचं. कोण कुठे जातो ते दिसतं, बदल मात्र फाइलीतून किंवा डॉकरच्या लेबलांतूनच. ज्यांच्याकडे सायनॉलॉजीचा डबा आहे त्यांच्या कंट्रोल पॅनेलमध्ये रिव्हर्स प्रॉक्सी आधीपासून बसवलेला आहे. चार-पाच सेवांना तो पुरतो, वेगळं काही घ्यायची गरज नाही. झोरॅक्सी हा नवा गडीही चांगला आहे.

आम्ही नेमला तो एनजिनक्स प्रॉक्सी मॅनेजर. आत तोच जुना एनजिनक्स, वर एक सोपा फॉर्म: नाव लिहा, आतल्या यंत्राचा पत्ता लिहा, पोर्ट लिहा, जतन करा. दुसऱ्या टॅबवर प्रमाणपत्र मागायचं. ही प्रमाणपत्रं लेट्स एन्क्रिप्ट फुकट देते. २०१५ च्या डिसेंबरात ही सेवा सर्वांना खुली झाली नसती, तर घरगुती सर्व्हरचा हा सगळा खेळ उभाच राहिला नसता. प्रमाणपत्राची मुदत वर्षानुवर्षांची नसते, महिन्यांत मोजायची असते आणि ती कमीच होत चालली आहे. त्यामुळे नूतनीकरण यंत्रावरच सोपवायला हवं. मुदत संपत आल्याची ईमेल लेट्स एन्क्रिप्टने २०२५ साली बंद केली, म्हणून महिन्यातून एकदा त्या पानावर तारखांवर नजर टाकलेली बरी.

प्रमाणपत्र दोन रीतींनी मिळतं. एका रीतीत ८० क्रमांकाचं पोर्ट जगासाठी उघडं ठेवावं लागतं. दुसऱ्या रीतीत आपल्या डोमेनच्या डीएनएसमध्ये एक नोंद करून मालकी सिद्ध होते आणि एकही पोर्ट उघडावं लागत नाही. आमचं मत दुसरीकडे झुकतं. २०१८ पासून या रीतीनं सगळ्या उपनावांना मिळून एकच प्रमाणपत्र घेता येतं, आणि त्याचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. दिलेलं प्रत्येक प्रमाणपत्र सार्वजनिक नोंदवहीत चढतं. प्रत्येक सेवेचं वेगळं घेतलंत, तर तुमच्या घरात कोणकोणती बिऱ्हाडं आहेत याची यादी ज्याला हवी त्याला वाचता येते.

आणि आता मुख्य मुद्दा. कारभाराचं पान हीच या सोयीतली सर्वांत नाजूक जागा आहे. एनजिनक्स प्रॉक्सी मॅनेजरचं पान ८१ क्रमांकाच्या पोर्टवर असतं, आणि त्याच्या जुन्या आवृत्त्यांचा पहिला पासवर्ड इंग्रजीत चक्क 'बदला' असाच होता, जगजाहीर. ८१ हे पोर्ट राउटरमधून बाहेर जाता कामा नये, कितीही घाई असो. परगावाहून पाहायचंच असेल तर वायरगार्डच्या बोगद्यातून घरात शिरावं आणि मग पाहावं. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट या खंडणीखोर प्रोग्रामनं जगभरच्या क्यूनॅप डब्यांवरच्या फाइली कुलूपबंद करून ०.०३ बिटकॉइन मागितले, तेव्हा सापडले ते थेट इंटरनेटवर उघडे ठेवलेले डबे. सिंगापूरच्या सायबर सिक्युरिटी एजन्सीनं २०२० साली घरगुती उपकरणांसाठी सुरक्षेची लेबलं आणली ही चांगली गोष्ट झाली, पण राउटरमध्ये आपणच पाडलेल्या भोकाला कुठलं लेबल आडवं येणार?

म्हणून आमच्या घरची वाटणी अशी: बाहेरून उघडं फक्त फोटोंचं बिऱ्हाड, तेही प्रत्येकाच्या वेगळ्या पासवर्डनं. कागदपत्रं आणि बाकी सगळं वायरगार्डच्या आत. आजीलाही वायरगार्ड द्यावं असं शुद्ध शास्त्र सांगतं. पण पंच्याहत्तरीच्या माणसाला फोनवर "ते वरचं बटण हिरवं आहे का बघा" हे दर रविवारी विचारणं म्हणजे फोटोच नको म्हणायची पाळी. तिच्या फोनचा पत्ता यादीत घालून तेवढाच आत सोडावा, ही युक्तीही टिकत नाही, कारण मोबाइलचा आयपी पत्ता सारखा बदलतो.

सुरुवात करण्याआधी एक तपासणी मात्र करा. राउटरच्या पानावर त्याचा बाहेरचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर कंपनीनं तुम्हाला अनेक ग्राहकांत वाटून घेतलेल्या पत्त्यामागे बसवलं आहे आणि बाहेरून कुणी तुमच्या दारापर्यंत पोचूच शकत नाही. मग स्वतंत्र पत्ता मागावा किंवा क्लाउडफ्लेअरचा टनेल वापरावा. टनेलमध्ये पोर्ट उघडावं लागत नाही हे खरं, पण एचटीटीपीएसचं पाकीट तिथे त्यांच्या यंत्रावर उघडलं जातं. कुणाला चालेल, कुणाला नाही. आम्हाला फोटोंपुरतं चाललं असतं, कागदांना नाही.

बाहेरून चालतं आणि घरात बसून त्याच नावानं उघडत नाही, अशी तक्रार हमखास येते. तुमचा राउटर आतून बाहेर जाऊन पुन्हा आत वळायला तयार नसतो, एवढंच. घरातल्या डीएनएसमध्ये, म्हणजे पाय-होल किंवा राउटरमध्ये, त्या नावापुढे सर्व्हरचा आतला पत्ता लिहिला की प्रश्न मिटतो. डबा शक्यतो बॉम्ब शेल्टरमध्ये कोंडू नका. काँक्रीटच्या जाड भिंती आणि लोखंडी दार यांतून वायफाय येत नाही, आणि दार लावल्यावर आत काय उकडतं ते आपण जाणतोच. आणि एनजिनक्स प्रॉक्सी मॅनेजरची सगळी मांडणी दोन फोल्डरांत असते, एकात नोंदी, दुसऱ्यात प्रमाणपत्रं. त्या दोन्हींची प्रत एका पेन ड्राइव्हवर घ्या, आणि तो ड्राइव्ह कुठे ठेवला आहे ते घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा.