लातूरचे जुने रेल्वे स्थानक

एखादे स्थानक बंद पडले, की त्याचे कारण बहुधा उतारूंच्या अभावात शोधण्यात येते. लातूरच्या जुन्या स्थानकाविषयी हे अनुमान चुकीचे ठरेल. त्याच्या उदयाचे व अस्ताचे मूळ दोन रुळांमधील अंतरात आहे.

मुंबई-सोलापूर लोहमार्ग बार्शीला टाळून गेला होता. ही उणीव भरून काढण्यासाठी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शी लाइट रेल्वेची योजना आखली आणि 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजेच आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी गाडी सुरू झाली. रुळांतील अंतर अवघे 2 फूट 6 इंच होते. तथापि कॅलथ्रॉपची खरी कल्पकता या अरुंदपणात नव्हती. इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर 5 टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, हे त्याचे सूत्र होते. त्यामुळे यार्डास 30 पौंड वजनाच्या हलक्या रुळांवरूनही पुष्कळ माल नेता येई.

1911 मध्ये हा मार्ग लातुरास पोचला. लातूर त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. परंतु गाडीने तेथील व्यापाराचे तोंड मुंबई इलाख्याकडे वळविले. सत्ता हैदराबादची आणि वाट मुंबईची, अशी ही चमत्कारिक स्थिती होती. गंजगोलाईची पेठ 1917 मधील आहे; गाडीनंतर सहाच वर्षांनी ती उभी राहावी, हा केवळ योगायोग मानणे मला तरी कठीण वाटते.

परंतु मुंबईकडे जाणारे प्रत्येक पोते कुर्डुवाडीस उतरवून मोठ्या मार्गावरील वाघिणीत पुन्हा भरावे लागे. 1954 मध्ये सरकारने हा मार्ग आपल्या ताब्यात घेतला, तरी रुळांतील अंतर तेच राहिले. रुंदीकरणानंतर उस्मानाबादपर्यंतचा टप्पा 2007 मध्ये व पुढे कुर्डुवाडीपर्यंतचा 2008 मध्ये खुला झाला. जुन्या मार्गाने वगळलेले उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, या वेळी मार्गावर आले. लातुरात मात्र उलट घडले: नवे स्थानक शहराबाहेर उभारण्यात आले आणि पेठेजवळचे जुने स्थानक निकामी झाले.

एप्रिल 2016 मधील दुष्काळात मिरजेहून पाण्याची गाडी लातुरास आली. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. या वाघिणी राजस्थानातील कोट्याहून आणविलेल्या होत्या. जुन्या अरुंद रुळांवर त्यांचे एक चाकही चढू शकले नसते.