संकटग्रस्त विद्यार्थ्यास वेळीच आधार : व्हर्जिनिया टेकच्या घटनेचा बोध

प्रस्तावना :

शिक्षणसंस्थेतील हिंसाचाराची चर्चा बहुधा घटना घडून गेल्यानंतर सुरू होते आणि प्रवेशद्वार, सुरक्षारक्षक व कॅमेरे यांपाशीच थांबते. हिंसेच्या टोकाला पोहोचलेला विद्यार्थी त्याआधी दीर्घकाळ शिक्षकांच्या व सहाध्यायांच्या डोळ्यांसमोर वावरत असतो, ही बाब मात्र दुर्लक्षित राहते. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील अनुभवाच्या आधारे, वेळीच दिलेला आधार हा हिंसाचाराच्या प्रतिबंधाचा मार्ग कसा ठरतो, याचा विचार करण्यात आला आहे.

पूर्वसूचनांचे स्वरूप :

१९९९ मध्ये कोलोरॅडो राज्यातील कोलंबाइन हायस्कूलमध्ये झालेल्या हत्याकांडानंतर अमेरिकेची सीक्रेट सर्व्हिस व शिक्षण विभाग यांनी संयुक्त अभ्यास हाती घेतला. १९७४ ते २००० या काळातील ३७ घटना व ४१ हल्लेखोर यांचा हा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. हल्लेखोर विद्यार्थ्याचा ठरावीक असा साचा नसतो, हा त्याचा पहिला महत्त्वाचा निष्कर्ष होय. गुण, कुटुंब वा स्वभाव यांवरून 'धोकादायक' विद्यार्थी निवडून काढता येत नाही. मात्र ९३ टक्के हल्लेखोरांच्या वर्तनामुळे इतरांना आधीच चिंता वाटली होती. ७८ टक्के हल्लेखोरांच्या बाबतीत आत्महत्येचा प्रयत्न वा विचार आढळला. आणि ८१ टक्के घटनांत हल्लेखोराच्या मनात काय चालले आहे, हे किमान एका व्यक्तीस ठाऊक होते. ही व्यक्ती बहुतेक वेळा समवयस्क होती. म्हणजे माहितीचा अभाव नव्हता; ती योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचत नव्हती.

व्हर्जिनिया टेक : विखुरलेली माहिती :

१६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांची हत्या करून स्वतःचे जीवन संपविले. मृतांमध्ये मुंबईहून शिकण्यास गेलेली एक विद्यार्थिनीही होती. चौकशी समितीच्या अहवालातून पुढे आलेला पूर्वेतिहास प्राध्यापकांनी विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. २००५ मध्ये या विद्यार्थ्याचे लेखन व वर्गातील वर्तन पाहून इंग्रजी विभागातील अध्यापक अस्वस्थ झाले होते. विभागप्रमुखांनी त्याला वर्गाबाहेर स्वतंत्रपणे शिकविले, तसेच विद्यापीठाच्या संबंधित कार्यालयांना कळविले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आत्महत्येच्या उद्गारांनंतर त्याची मानसिक तपासणी झाली आणि न्यायालयाने बाह्यरुग्ण उपचारांचा आदेश दिला. परंतु त्या आदेशाचा पाठपुरावा झाला नाही.

विभाग, वसतिगृह, पोलीस व समुपदेशन केंद्र यांपैकी प्रत्येकाकडे चित्राचा एक तुकडा होता. संपूर्ण चित्र कोणासमोरही नव्हते. विद्यार्थ्याच्या गोपनीयतेविषयीच्या कायद्यांचा चुकीचा अर्थ लावल्यामुळे माहितीची देवाणघेवाण खुंटली, असेही समितीने नमूद केले. अध्यापकांनी पाहिले होते, कळविलेही होते; अभाव होता तो सर्व माहिती एकत्र करणाऱ्या यंत्रणेचा.

आधाराची पद्धती :

या घटनेनंतर २००८ मध्ये व्हर्जिनिया राज्याने सार्वजनिक महाविद्यालयांत व विद्यापीठांत धोका-मूल्यमापन गट असणे कायद्याने बंधनकारक केले. २०१३ मध्ये हीच तरतूद सार्वजनिक शाळांना लागू झाली. व्हर्जिनिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ड्यूई कॉर्नेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळांसाठी विकसित केलेल्या पद्धतीत रागाच्या भरात उच्चारलेली क्षणिक धमकी आणि खरोखर हानीचा हेतू असलेली गंभीर धमकी यांत भेद केला जातो. पहिल्या प्रकारात संवाद व समज पुरेशी ठरते. दुसऱ्या प्रकारात संभाव्य लक्ष्याचे संरक्षण, पालकांशी संपर्क, मानसिक तपासणी व सातत्याने पाठपुरावा करावा लागतो. विद्यार्थी कोणत्या अडचणीतून जात आहे, हा या प्रक्रियेतील मूळ प्रश्न असतो.

केवळ निलंबन करून प्रश्न सुटत नाही. निलंबित विद्यार्थी संस्थेच्या नजरेआड जातो. त्याचा राग मात्र तसाच राहतो आणि त्याच्याशी बोलणारी माणसे कमी होतात.

मर्यादा :

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मानसिक त्रासातून जाणारे बहुसंख्य विद्यार्थी कोणासही इजा करीत नाहीत. अबोल वा उदास विद्यार्थ्याकडे संशयाने पाहिले गेल्यास तो मदत मागण्यापासूनच परावृत्त होईल. सहाध्यायांनी दिलेली माहितीही तिचा परिणाम शिक्षा नसून साहाय्य असेल, असा विश्वास असेल तरच पुढे येईल. म्हणून आधार हा हिंसेच्या भीतीपोटी नव्हे, तर विद्यार्थ्याच्या दुःखाची दखल म्हणून दिला गेला पाहिजे.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, प्रतिबंधाची सुरुवात वर्गातच होते. विद्यार्थ्याच्या लेखनातील निराशा, अचानक वाढलेली अनुपस्थिती, मित्रांपासून तुटणे यांची पहिली जाणीव अध्यापकास होऊ शकते. उपचार करणे हे त्याचे काम नव्हे. परंतु विचारपूस करणे, योग्य ठिकाणी कळविणे आणि कळविल्यानंतर पुढे काय झाले हे विचारणे, ही त्याची जबाबदारी आहे. तथापि ही जबाबदारी एकट्या अध्यापकावर सोडून चालणार नाही. त्याने कळविलेली गोष्ट ऐकून घेणारी व तिचा शेवटपर्यंत पाठपुरावा करणारी व्यवस्था उभारणे, हे संस्थेचे कर्तव्य ठरते.