वायर काढायची का?

सुरतजवळच्या कामरेज चार रस्त्यावर दिवसभर बिलं करत बसणाऱ्याने कीबोर्डची वायर काढायची घाई करू नये. कीबोर्ड जागचा हलत नाही, आणि ऐन गर्दीत सेल संपायची भीती नाही. माऊस मात्र बिनवायरचा घ्यावा. वहीत अडकते ती त्याचीच वायर. 

यूएसबीत छोटा डोंगल खोचायचे बिनवायरचे संच बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, वायफायही बरेचदा तिथेच. शिवाय यूएसबी ३.० चा गोंगाट त्याच पट्ट्यात सांडतो. डोंगलला खेटून हार्डडिस्क लावली की पडद्यावरचा बाण अडखळतो. छोट्या एक्स्टेन्शनने डोंगल लांब आणला की बहुतेकदा सुटतं. (म्हणजे वायर आलीच!)

२०१६ मध्ये ‘माऊसजॅक’ उघडकीस आलं: काही कंपन्यांच्या डोंगलमधून बाहेरचा माणूस रेडिओवरून परस्पर कळा दाबू शकत होता. तेव्हा जुना, वापरलेला संच स्वस्तात मिळाला तरी नको.